संगणक-शंका: स्पूलर प्रोसेसर खातो तेव्हा

प्रश्न: लातूरच्या मार्केट यार्डात आमचं अडत दुकान आहे. विंडोज सर्व्हर चार कोअरचा, रॅम 16 जीबी. त्यावर रिमोट डेस्कटॉपने सहा जण काम करतात. शेतकऱ्यांच्या पट्ट्या दोन डॉट मॅट्रिक्सवर निघतात, बाकी कागद नेटवर्कच्या लेझर प्रिंटरवर. सोयाबीनच्या दिवसांत सौदा निघाला की सर्व्हर जागचा हलत नाही. टास्क मॅनेजरमध्ये प्रिंट स्पूलर (छपाईची कामं रांगेत लावणारा विंडोजचा भाग) सकाळी प्रोसेसरचे 25 टक्के, दुपारी 50, संध्याकाळी 75 टक्के दाखवतो. रीस्टार्ट केलं की तेवढ्यापुरतं भागतं. मोठा प्रोसेसर घ्यावा का?
(एक अडते, लातूर)

उत्तर: घेऊ नका, पैसे वाया जातील. तुमच्या आकड्यांतच निम्मं निदान आहे. चार कोअरवर एकच थ्रेड (प्रोग्रॅममधला कामाचा एक धागा) अखंड फिरत राहिला, तर बरोबर 25 टक्के दिसतात (हायपर-थ्रेडिंग, म्हणजे एक कोअर दोन असल्यासारखा वापरणं, चालू असेल तर 12.5). खरोखर छपाई चालू असेल तर आकडा वर-खाली होतो आणि रांग रिकामी झाली की खाली बसतो. तुमचा पायरीपायरीने चढतो आणि तिथेच मुक्काम करतो. म्हणजे दिवसभरात एकामागून एक तीन थ्रेड अडकले. आकडा डिटेल्स टॅबमध्ये बघा. प्रोसेसेस टॅबमधला आकडा विंडोजच्या बऱ्याच आवृत्त्यांत प्रोसेसरच्या वेगानुसार बदलतो, त्यामुळे पायऱ्या नीट दिसत नाहीत.

रीस्टार्टने पुरावाच पुसला जातो. म्हणून आधी मायक्रोसॉफ्टचं मोफत प्रोसेस एक्स्प्लोरर ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा. 'स्पूलएसव्ही'वर (ही स्पूलरची प्रोसेस) डबल क्लिक करून थ्रेड्स टॅब उघडा, सर्वांत जास्त सीपीयू खाणारा थ्रेड निवडा आणि स्टॅक (तो थ्रेड कुठल्या फाइलींमधून चाललाय त्याची यादी) बघा. तिथे 'टीसीपीमॉन' किंवा 'डब्ल्यूएसडीमॉन' दिसलं तर घोळ पोर्टचा, म्हणजे प्रिंटरकडे जाणाऱ्या वाटेचा. प्रिंटर कंपनीच्या नावाची डीएलएल फाइल दिसली तर ड्रायव्हरचा.

मग रांग साफ करा. सर्वांना छपाई थांबवायला सांगा आणि ॲडमिनिस्ट्रेटर कमांड प्रॉम्प्टवर 'नेट स्टॉप स्पूलर' द्या. सी ड्राइव्हवर विंडोज, सिस्टम32, स्पूल, प्रिंटर्स असं आत जा. तिथल्या एसपीएल आणि एसएचडी फाइली काढा. फोल्डर काढू नका. पुन्हा 'नेट स्टार्ट स्पूलर'. यात थांबलेल्या सगळ्या पट्ट्या जातील, त्या परत काढाव्या लागतील. वीज गेल्यावर सर्व्हर अचानक बंद पडला असेल, तर अशी अर्धवट लिहिलेली फाइल स्पूलर सुरू होताच पुन्हा डोकं वर काढते. नुसत्या रीस्टार्टने ती जात नाही ती यामुळेच.

पोर्टचा घोळ असेल तर: राउटरने लेझर प्रिंटरला नवा आयपी दिला की जुन्या पत्त्यावरचं पोर्ट उत्तराची वाट बघत बसतं. राउटरमध्ये प्रिंटरचा पत्ता राखून ठेवा. डब्ल्यूएसडी पोर्ट (विंडोज नेटवर्कवर प्रिंटर शोधून आपोआप बनवतो ते) काढून स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट बनवा (रॉ, 9100) आणि कॉन्फिगर पोर्टमधली 'एसएनएमपी स्टेटस एनेबल्ड' (प्रिंटरला त्याची स्थिती विचारत राहणं) ही टिक काढा.

ड्रायव्हरचा असेल तर: प्रिंट मॅनेजमेंटमध्ये ड्रायव्हर्सवर जा, त्या ड्रायव्हरवर राइट क्लिक करून ड्रायव्हर आयसोलेशन 'आयसोलेटेड' करा. मग तो 'प्रिंटआयसोलेशनहोस्ट' या वेगळ्या प्रोसेसमध्ये चालतो. भार याने कमी होत नाही, पण चोर उघडा पडतो आणि तो कोसळला तरी बाकी छपाई चालू राहते. कंपनीचा लँग्वेज मॉनिटर (प्रिंटरशी दोन्ही बाजूंनी बोलणारा भाग) मात्र स्पूलरमध्येच राहतो. त्यासाठी पोर्ट्स टॅबमधली 'बायडायरेक्शनल सपोर्ट'ची टिक काढून बघा. बिनकामाचे जुने ड्रायव्हर नुसते नाही, पॅकेजसकट काढा.

आता पट्ट्यांविषयी, कारण थोडा खरा भारही आहेच. देवनागरी युनिकोड मजकूर डॉट मॅट्रिक्सला अक्षरं म्हणून जात नाही, चित्र म्हणून जातो. 8 बाय 6 इंचांची पट्टी 240 बाय 144 डीपीआयला (इंचामागे ठिपके) सुमारे 200 केबी होते. तेवढाच इंग्रजी मजकूर थेट पाठवला तर दोन-तीन केबीत मावतो. शिवाय रिमोट डेस्कटॉपमुळे हे चित्र सर्व्हरलाच रंगवावं लागतं. 9 पिनच्या प्रिंटरवर 120 बाय 144 ठेवा, आकार निम्मा होतो. आधी एक पट्टी काढून अनुस्वार आणि वेलांट्या वाचता येतात का बघा. नाही आल्या तर फॉन्ट एक-दोन पॉइंट मोठा करा. 'जेनेरिक टेक्स्ट ओन्ली' ड्रायव्हर सुचवणारे भेटतील, त्यावर मराठी निघत नाही.

एवढं करूनही पायऱ्या दिसल्या, तर इव्हेंट व्ह्यूअरमध्ये प्रिंटसर्व्हिसचा 'ऑपरेशनल' लॉग सुरू करा, तो मुळात बंद असतो. 307 क्रमांकाच्या नोंदीत कोणी, कुठल्या प्रिंटरवर, किती पानं काढली ते येतं. आकडा चढला त्या वेळेच्या आसपासच्या नोंदी तपासा.

प्रश्न: आमच्या डोमेन कंट्रोलरवर (नेटवर्कमधले लॉगिन सांभाळणारा सर्व्हर) प्रिंटरच नाही. तिथला स्पूलर बंद ठेवला तर चालेल का?
(एक वाचक, परभणी)

उत्तर: चालेल, ठेवाच. 2021 मध्ये 'प्रिंटनाइटमेअर' ही स्पूलरमधली पळवाट उघड झाली, तेव्हापासून हा सल्ला पक्का झाला. सर्व्हिसेसमध्ये स्पूलर थांबवून स्टार्टअप टाइप 'डिसेबल्ड' करा, 'मॅन्युअल' नको. त्या मशीनवरून पीडीएफ प्रिंटरही चालणार नाही, आणि ॲक्टिव्ह डिरेक्टरीतल्या (डोमेनची मध्यवर्ती यादी) गायब प्रिंटरांच्या नोंदी हाताने काढाव्या लागतील.