पाण्याची पहिली नोंद घेण्यापूर्वी

तुम्ही तळ्याच्या पाण्याची तपासणी सुरू करत आहात, याचा मला मनापासून आनंद आहे. म्हणूनच एक गोष्ट आधी सांगतो. विरघळलेल्या प्राणवायूचा आकडा वेळेशिवाय लिहिला, तर त्याला फारसा अर्थ उरत नाही. दिवसा शेवाळ आणि पाणवनस्पती प्राणवायू सोडतात, रात्री मात्र सगळेच सजीव तो वापरत राहतात; त्यामुळे दुपारी निरोगी भासणाऱ्या हिरव्यागार तळ्यात पहाटे मासे गुदमरू शकतात. सुरुवातीचे कित्येक महिने मी केवळ दुपारीच नमुने घेतले आणि त्या नोंदींवर विश्वास ठेवला, याची खंत आजही वाटते. सूर्योदयापूर्वीचे एक मोजमाप अवश्य घ्या.

तापमानही त्याच वेळी टिपा. समुद्रसपाटीवर २० अंश सेल्सिअसच्या गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना जेमतेम ७.५, शिवाय उष्णतेने जिवाणूंची प्राणवायूची गरजही वाढते, म्हणून सांडपाण्याचा तेवढाच भार उन्हाळ्यात अधिक घातक ठरतो. विंकलर पद्धत, म्हणजे रसायने मिसळून विरघळलेला प्राणवायू मोजण्याची रीत, वापरणार असाल, तर बाटलीत बुडबुडा राहू देऊ नका आणि प्राणवायू स्थिर करणारी पहिली रसायने काठावरच मिसळा.

सामूची (pH), म्हणजे पाणी किती आम्लधर्मी वा अल्कधर्मी आहे याची, नोंद अमोनियासाठी लागते, कारण सामू आणि तापमान वाढले की त्याचा विषारी अंश वाढतो. नायट्रेट आणि फॉस्फेट नंतर शिकता येतील. त्याआधी काठालगतचे दगड उलटून कीटकांच्या अळ्या पाहा, कारण रासायनिक चाचणी त्या क्षणाचे सांगते, तर त्या अळ्या मागच्या कित्येक आठवड्यांचे. पाहून झाल्यावर दगड होता तसाच ठेवा.