फोंतेन्हासला या, पण तसंच पुढे मळ्यापर्यंत चाला

डिसेंबरात पुण्याहून चौघी मैत्रिणी येताय, पणजीतल्या फोंतेन्हास या जुन्या वस्तीसाठी दोन तास ठेवलेत, फोटो कुठे छान येतील आणि तिथला ‘कल्चरल सीन’ म्हणजे नेमकं काय, असं विचारलंत. माझं लहानपण शेजारच्याच ‘मळा’ नावाच्या वस्तीत गेलं, त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

आधी फोटोंचं उरकतो. माझ्या ओळखीच्या एक आजी सकाळी पोदेराची (पाववाल्याची) वाट बघत दार उघडायला गेल्या, तर त्यांच्याच पायरीवर एक जोडपं लग्नाआधीच्या फोटोंसाठी बसलेलं. फोटोग्राफर म्हणतो, “आंटी, दोन मिनिट थांबा, फ्रेममध्ये येताय.” स्वतःच्या दारात! दुसऱ्या दिवशी आजींनी पायरीभर कुंड्या मांडल्या. तेव्हा फोटो रस्त्यावरून काढा, कुणाच्या बाल्कांववर (दारापुढच्या बसायच्या ओट्यावर) चढू नका.

गाडी आत घालूच नका. कदंब बसस्थानकाकडून पाटोच्या बाजूने या आणि खाडीवरचा छोटा पूल चालत ओलांडा. सकाळी साडेसातच्या आत आलात तर पिवळ्या-निळ्या भिंतींपेक्षा खिडक्या बघा. जुन्या घरांत काही ठिकाणी अजून काचेऐवजी शिंपल्यांची तावदानं आहेत. त्यांतून आत येणारा उजेड दुधात पाणी घातल्यासारखा असतो.

इथे पूर्वी माडांची बागाईत होती. मोझांबिकहून पैसा कमावून आलेल्या आंतोनियु जुआंव द सिकेर यांची. लोक त्यांना ‘मोसमीकार’ म्हणत. १८४३ मध्ये पणजी राजधानी झाली आणि वस्ती दाट होत गेली. ‘३१ जानेवारी’ रस्त्याबद्दल गाईड ठोकून देतात की पोर्तुगाल स्पेनपासून स्वतंत्र झालं तो हा दिवस. ते झालं १ डिसेंबर १६४० ला. ३१ जानेवारी हा १८९१ मधल्या पोर्तो शहरातल्या प्रजासत्ताकवाद्यांच्या उठावाचा दिवस. सेंट सेबास्तियनच्या कपेलात, म्हणजे छोट्या चर्चमध्ये, क्रूसावरच्या ख्रिस्ताचे डोळे उघडे आहेत, तेवढं चुकवू नका. हा क्रूस मूळचा जुन्या गोव्यातल्या इन्क्विझिशनच्या, म्हणजे पोर्तुगीज काळातल्या धर्मन्यायालयाच्या, वाड्यातला.

बहुतेक पर्यटक कपेलापाशी मागे फिरतात. माझं म्हणणं एवढंच, की तुम्ही फिरू नका. आल्तिनोची टेकडी उजवीकडे धरून पुढे चाला. फोंत फेनिक्स नावाची झर लागेल. ‘फोंतेन्हास’ हे नावच झरीवरून पडलंय. तिथून मळा सुरू होतो, आणि उतारावर मारुतीचं देऊळ. क्रूसाच्या घुमटीनंतर तुळशीवृंदावन कधी आलं ते कळतही नाही. फोंतेन्हासला ‘पोर्तुगीज वाडा’ म्हणणाऱ्यांना मी मुद्दाम पंजिम पौझादा ही जुनी वास्तू दाखवतो. ते हिंदू घर, मधोमध राजांगण असलेलं.

आता ‘सीन’. गीतांजली गॅलरीत काही ना काही लागलेलं असतं, आत जायला लाजू नका. फुंदासांव ओरियेंत या पोर्तुगीज सांस्कृतिक संस्थेचे कार्यक्रमही याच भागात. संध्याकाळी जोसेफ बार भरतो. बसायला जागा मिळत नाही, लोक रस्त्यावरच गप्पा मारत उभे असतात. (उर्राक, म्हणजे काजूची हलकी दारू, मागू नका. तो मार्च ते मे, डिसेंबरात फेणीच.) सेरेंडिपिटी आर्ट्स फेस्टिव्हल २०१६ पासून डिसेंबरात होतो, पण त्याची मोठी ठिकाणं मांडवीच्या काठाने, जुन्या जीएमसीच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) इमारतीच्या बाजूला. तारखा जुळल्या तर दोन तासांचा हिशेब विसरा.

आमच्या घरी मात्र ‘सीन’ म्हणजे मारुतीची जत्रा. त्या दिवसांत देवळावर रोषणाई, खाली खाज्याची दुकानं. आणि नाटक बघायचं तर कांपालला कला अकादमीत, तिथल्या मराठी नाट्यस्पर्धेला. फोंतेन्हासातले माझे ख्रिस्ती मित्र जत्रेला यायचे, आम्ही त्यांच्या फेस्ताला (चर्चच्या सणाला). जत्रा फेब्रुवारीच्या सुमारास असते, म्हणजे तुमची चुकणार. झरीच्या पायऱ्यांवर मात्र दहा मिनिटं बसा, आणि येताना पोदेराकडून गरम पोय, म्हणजे इथला पाव, घेऊन या.