वाचकांचे प्रश्न : गडबडीच्या देशात मास्तरकी

प्रश्न : माझी मुलगी इथिओपियात गोंदरच्या विद्यापीठात रसायनशास्त्र शिकवते. सध्या सुट्टीला आली आहे, पुढच्या महिन्यात परत जायचं म्हणते. तिकडं काही पेटलं की व्हॉट्सअॅप लागत नाही आणि इकडं आमच्या घशाखाली घास उतरत नाही. तिनं काय काळजी घ्यावी, आम्ही इथून काय करावं?
— एक आई, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : ताई, व्हॉट्सअॅप बंद म्हणजे मुलगी संकटात, असं लगेच धरू नका. गोंदर ज्या अम्हारा प्रांतात आहे तिथं ऑगस्ट २०२३ मध्ये आणीबाणी लागली, तेव्हा मोबाइल इंटरनेट कित्येक महिने बंद होतं. नेट नसतानाही साधा कॉल आणि एसएमएस बऱ्याचदा चालतो. म्हणून तुमच्या सिमवर आयएसडी आत्ताच सुरू करून घ्या आणि ती परत पोचली की +२५१ लावून एकदा बोलून बघा. आठवड्याचा वार आणि वेळ ठरवा. ती चुकली तर कुणाला विचारायचं, तेही ठरवा: विभागप्रमुख, घरमालक, एखादा भारतीय सहकारी. हे नंबर वहीत लिहा. तीन दिवसांत कुणाकडूनच काही कळलं नाही, तर आदिस अबाबातल्या भारतीय दूतावासाला फोन करा आणि परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवर नोंद करा. पासपोर्ट, निवासी परवाना आणि करारपत्र यांच्या झेरॉक्स तुमच्या कपाटात हव्यात. दूतावासाकडं नाव नोंदवायचं काम मात्र तिनं पोचल्या आठवड्यातच उरकावं.

तिथं घड्याळ सूर्योदयापासून मोजतात. आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक. संचारबंदी 'रात्री दोनपासून' असं शेजारीण म्हणाली, तर ती आपल्या आठला लागते. नव्या माणसाची इथं हमखास फसगत होते, म्हणून दर वेळी 'कुठल्या घड्याळाचे?' हे विचारावं.

घरात दोन आठवड्यांचं सामान असावं. पिण्याला आणि स्वयंपाकाला माणशी रोज चार लिटर पाणी धरा; वीस लिटरचे तीन पिवळे कॅन भरले की दोन आठवडे निघतात. गोंदर दोन हजार मीटरपेक्षा उंच आहे. तिथं पाणी कमी तापमानाला उकळतं, म्हणून खळखळ उकळी आल्यावर तीन मिनिटं तरी ठेवावं. डाळ उघड्या पातेल्यात शिजता शिजत नाही. इथून प्रेशर कुकर न्यावा आणि त्याच्या दोन जादा रबरी रिंगा. तिथलं शिरो हे आपल्या पिठल्याच्याच जातीचं, दहा मिनिटांत होतं, इंधन कमी लागतं. सोबत कांदा-लसूण चटणी असली की जेवण भागतं. वीज गेल्यावर कोळशाची शेगडी पेटवतात. ती अंगणातच हवी. बंद खोलीत कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला वास नसतो आणि झोपेतच माणूस जातो.

बँका आणि टेलेबिर (मोबाइलवरून पैसे द्यायची तिथली सोय) नेटवर्कवर चालतात. नेटवर्क गेलं की दोन्ही ठप्प. महिन्याच्या खर्चाइतके बिर (तिथलं चलन) सुट्ट्या नोटांत, दोन ठिकाणी विभागून ठेवावेत.

वर्गात कोण कुठल्या वंशाचा, कोण कुणाच्या बाजूचा, हा विषय काढू नये. गैरहजर मुलाची चौकशी सगळ्यांसमोर करू नये. तो कुठं गेलाय हे उघड झालं तर त्याच्या घरच्यांना त्रास होऊ शकतो. गुण कागदी रजिस्टरमध्ये लिहावेत. नाक्यावर फोन तपासतात, त्यामुळं सैनिकांचे फोटो, आलेले व्हिडिओ फोनमध्ये नकोत.

परत कधी यायचं, हे शांत असताना ठरवावं. आमच्या मते विद्यापीठ बंद झालं किंवा इतर परदेशी शिक्षक निघाले, तर विमान सुरू आहे तोवर आदिसला यावं. ऑगस्ट २०२३ मध्ये गोंदरची विमानं काही दिवस थांबली होती, आणि रस्त्यानं जाणं अशा वेळी सगळ्यात धोक्याचं. परवान्याच्या नूतनीकरणासाठी पासपोर्ट ऑफिसात अडकतो. तो कुणाच्या टेबलावर आहे हे तिला रोज माहीत असायला हवं.

प्रश्न : नोकरी देणारी संस्था मूळ पदवी प्रमाणपत्र जमा करायला सांगते. द्यावं का?
— एक वाचक, गडहिंग्लज

उत्तर : दाखवावं, जमा करू नये. साक्षांकित प्रती द्याव्यात आणि पोच घ्यावी. गडबडीत कार्यालयाला कुलूप लागलं तर मूळ कागद आत राहतो, आणि शिवाजी विद्यापीठाकडून दुय्यम प्रत काढायला पुन्हा अर्ज, शुल्क आणि वाट बघणं आलं.