डिसेंबरात नैनितालला जाताय? मुक्काम खालच्या भागात ठेवा

चार दिवस नैनिताल, सोबत आई-बाबा आणि लहान मुलगी, डिसेंबरचा शेवटचा आठवडा. यात पक्षीनिरीक्षण कसं बसवायचं, असं विचारलंत. छान बसेल. फक्त मुक्काम नैनितालऐवजी सातताल किंवा भीमतालला ठेवा.

थंडी वाढली की वरच्या जंगलांतले बरेच पक्षी खाली उतरतात. नैनिताल साधारण २००० मीटरवर आहे, सातताल त्याहून सहाशेक मीटर खाली. हेच मे महिन्यासाठी विचारलं असतंत तर मी उलट, वर किलबरी-पंगोटच्या जंगलात पाठवलं असतं. हिवाळ्यात आपल्या सह्याद्रीत दिसणारा निळा व्हर्डिटर फ्लायकॅचर मेमध्ये तिकडे घरट्याच्या गडबडीत असतो.

साततालला ‘स्टुडिओ’ नावाने ओळखली जाणारी ओढ्याकाठची जागा कुठलाही स्थानिक गाइड दाखवेल. तिथे फिरू नका, बसा. बराच वेळ काहीच हलत नाही, मग एकदम मिश्र थवा येतो: फांद्यांच्या टोकांना लटकणारे ब्लॅक-थ्रोटेड टिट, खोडावरून डोकं खाली करून उतरणारा नटहॅच, खाली पाचोळा उलटणारे लाफिंगथ्रश. थोड्या वेळात सगळे पुढे सरकतात. मागे धावलात तर काहीच धड दिसत नाही. बसून राहिलात तर बहुतेक वेळा दुसरा थवा येतो.

आई-बाबांना काळोखात उठवू नका. दरीत ऊन उशिरा उतरतं. पहिलं ऊन ज्या उतारावर पडतं तिथे आधी किडे हलतात, मग पक्षी येतात. चहा घेऊन निघालात तरी चालेल.

मुलीसाठी एक सकाळ भीमतालजवळच्या चाफीच्या नदीकाठी काढाच. ब्राऊन डिपर दगडावर बसून सारखा उठाबशा काढतो, पापणी मिटली की डोळ्यावर पांढरा ठिपका चमकतो, आणि मग सरळ वाहत्या पाण्यात शिरून तळाशी किडे शोधतो. दुर्बिणीशिवायही दिसतो. तिथेच मोठा, तुरेवाला क्रेस्टेड किंगफिशरही असतो.

पंगोटला एक दिवस जायचं तर त्याच्या पुढे, विनायक नावाच्या ठिकाणापर्यंत जा. गवताळ कड्यांवर चीर फेजंट हा लांब शेपटीचा, कोंबडीच्या कुळातला पक्षी दिसू शकतो. याच डोंगरांत, नैनितालजवळ, १८७६ साली हिमालयन क्वेल या लाव्यासारख्या पक्ष्याची शेवटची खात्रीशीर नोंद झाली. त्यानंतर तो कुणालाच पक्का सापडलेला नाही. मी तरी त्या उतारांवरून जाताना गवताकडे बघितल्याशिवाय पुढे जात नाही.

दुर्बीण ८×४२ (आठपट जवळ दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची) पुरते.

गाइड ठरवतानाच सांगून टाका, मोबाइलवर आवाज वाजवून पक्षी बोलवायचा नाही. थंडीत दिवस लहान, त्यात त्याला रात्र निभण्यापुरतं खायचं असतं. नसलेल्या प्रतिस्पर्ध्याला हुसकवण्यात त्याचा तो वेळ आणि ताकद वाया जाते. बरेच गाइड ऐकतात. एखाद्याने नाही ऐकलं तर दुसरा बघा.