वकिलांच्या फर्मना आपल्या व्यवसायात आणि समाजात विविधता वाढवायची तर नेमकं काय करता येईल?

जाहिरातीत ‘सर्वांचे स्वागत’ छापून फारसं काही होत नाही. खरी गोम कामाच्या वाटपात असते. एखादी ज्युनियर वर्षभर नुसत्या तारखा घेत बसली आणि युक्तिवादाला दरवेळी पार्टनरच्या ओळखीतलाच कुणी उभा राहिला, तर ती टिकणार कशी? म्हणून कोणती केस कोणाला दिली याची नोंद ठेवा, दर तिमाहीला पार्टनरांपुढे मांडा. इंटर्नशिपला मानधन द्याच. फुकट राबणं घरचं बरं असलेल्यांनाच परवडतं. अमेरिकेत २०१७ साली ‘मॅन्सफिल्ड रूल’ आला. तो कायदा नव्हता, फर्मनी स्वेच्छेने पाळायचा नियम होता: वरच्या पदांसाठी विचारात घेतलेल्यांत किमान ३० टक्के उमेदवार कमी प्रतिनिधित्व असलेल्या गटांतले असावेत. (निवड त्यांचीच करा, असं तो म्हणत नव्हता.) समाजासाठी म्हणाल तर मोफत सल्ला, पण लोकांच्या भाषेत, आणि ते तास वकिलाच्या कामात धरून.