त्लास्कालाचे लोक गद्दार होते का?

तुम्ही विचारलंय की, मेक्सिकोतल्या त्लास्कालाच्या चार नगरराज्यांनी अ‍ॅझटेकांविरुद्ध स्पॅनिश आक्रमक कोर्तेसला साथ देऊन आपल्याच लोकांशी गद्दारी केली का, आणि त्यांची युती चालायची कशी.

गद्दारी अजिबात नाही. नावात्ल ही तिथली भाषा बोलणारे सगळे 'आपले', हे आपण आज ठरवतो. तेव्हा माणूस आपल्या नगरराज्याचा असायचा.

नोकरीमुळे मी मेक्सिकोतल्या पुएब्ला शहरात राहत होतो, तेव्हा भावोजी आले होते. त्यांना मुद्दाम जवळच्या तिसात्लानला नेलं. हे त्या चारांपैकी एक, थोरल्या शिकोतेंकात्ल राजाची गादी. तिथल्या वेदीवर कवट्या, हृदयं, हात रंगवलेले आहेत, रंग अजून टिकून आहेत. मी ते डोळे भरून पाहतोय आणि भावोजी म्हणतात, "म्हणजे हेच ते घरभेदी!" मी तिथेच भांडलो. अ‍ॅझटेकांची राजधानी तेनोच्तित्लानने चारी बाजूंनी वेढून ज्यांचं मीठ आणि कापूस तोडला, त्यांनी कुठलं घर भेदलं? शिवाय सप्टेंबर १५१९ मध्ये हेच लोक कोर्तेसशी आधी लढले. थोरल्याचा मुलगा, धाकटा शिकोतेंकात्ल, सेनापती होता. लढाई जिंकता येईना तेव्हा तह झाला, तोही घरात वाद होऊन. चारांपैकीच ओकोतेलोल्कोचा राजा माशिश्कात्सिन तहाच्या बाजूने, धाकटा विरोधात. त्या धाकट्याला १५२१ मध्ये कोर्तेसनेच फाशी दिलं.

युतीचं म्हणाल तर तिसात्लान, ओकोतेलोल्को, तेपेतिकपाक आणि कियाविश्त्लान, प्रत्येकाचा राजा वेगळा, जमीन वेगळी. युद्ध आणि तह मात्र सगळे मिळून ठरवायचे.

आता, त्लास्कालन धुतल्या तांदळासारखे होते असंही नाही. कोर्तेसने चोलुला शहरात केलेल्या कत्तलीत त्यांचेही योद्धे होते. स्पॅनिश राजाकडून त्यांनी सवलतीही मिळवल्या, आणि १५९१ मध्ये त्यांचीच सुमारे ४०० कुटुंबं उत्तरेच्या सरहद्दीवर वसाहतीला पाठवली गेली. पण स्वार्थ वेगळा, गद्दारी वेगळी.

पुन्हा कोणी त्यांना गद्दार म्हणालं तर तेस्कोकोबद्दल विचारा. तेस्कोको हे तेनोच्तित्लान आणि त्लाकोपानसोबत त्रिपक्षीय युतीत होतं, खंडणीत त्याचा वाटा होता. तिथला राजपुत्र इश्त्लिलशोचित्ल फौज घेऊन स्पॅनिशांना मिळाला. भागीदार तो होता. त्लास्काला तर उघड शत्रू होतं. मग शिव्या त्लास्कालालाच का? भावोजींनी याचं उत्तर अजून दिलेलं नाही.