नाशिकच्या ओझर विमानतळावरून दिल्ली : अंतर बघू नकोस, वेळ बघ

अरे, नाशिक–दिल्ली नकाशावर सरळ रेषेत साधारण ९९० किलोमीटर भरतं. जेट ताशी आठशेच्या वेगाने उडतं म्हणून तू सव्वा तासाचा हिशेब मांडलास, तिथेच गडबड. तिकिटावरची वेळ विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर लागेपर्यंतची असते. धावपट्टीपर्यंतची रांग, चढणं-उतरणं, दिल्लीवरच्या घिरट्या सगळं त्यातच. म्हणून दोन तास धर.

खरा वेळ खातो तो रस्ता. नाशिकच्या सीबीएस बसस्थानकाहून ओझर वीसेक किलोमीटर, पण संध्याकाळी नाशिकच्याच द्वारका चौकात अडकलास की संपलं. माझ्या डोळ्यांदेखत चेक-इन काउंटर बंद झालाय, हातात बॅग आणि चिवड्याची पिशवी! काउंटर उड्डाणाच्या तासभर आधी बंद होतो. घरून तीन तास आधी नीघ.